परदेशातली पहिली अनेक शहरांची सहल, रेल्वे-बसच्या भरवशावर : आपले अनुभव लिहा

सांगलीची लेक

माझ्या भाचीने तिच्या पहिल्या युरोप प्रवासाचा आराखडा गेल्या आठवड्यात मला पाहायला पाठवला. त्यात शहरांची नावे होती, प्रत्येक ठिकाणी काय पाहायचे त्याची यादी होती, हॉटेलांचे दरही होते. फक्त एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचे कसे, हा रकाना रिकामा होता. तो पाहून मला आमच्या पहिल्या प्रवासाच्या वेळी जेवणाच्या टेबलावर महिनाभर पसरलेले कागद आठवले, आणि म्हणून हा धागा काढत आहे.

आम्ही दोघे, शाळेत जाणारा मुलगा आणि सासूबाई असे स्वित्झर्लंड आणि इटलीला गेलो होतो. सगळ्यात आधी ठरवले ते उतरायचे आणि परतायचे विमानतळ. झुरिचला उतरून रोमहून परतायचे असे एकत्रित तिकीट काढल्यामुळे पुन्हा मागे येण्याचा एक अख्खा दिवस वाचला. त्यानंतर आम्ही शहरे न मोजता मुक्काम हलवण्याचे दिवस मोजले. गाडीचा प्रवास दोनच तासांचा असला, तरी सकाळी अकराच्या आत खोली सोडायची आणि पुढची खोली दुपारी तीनच्या सुमारास मिळायची, म्हणजे तो दिवस फिरण्याच्या हिशेबात धरताच येत नाही. हे कागदावर मांडल्याबरोबर व्हेनिस आणि पिसा ही दोन नावे आपोआप गळाली, आणि लुत्सर्न, इंटरलाकेन, फ्लोरेन्स व रोम एवढीच उरली. माझ्या मते पहिल्या प्रवासात घेतलेला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय असतो.

हॉटेल निवडताना स्थानकापासून बॅग ओढत चालत जाता येईल, हीच अट ठेवली. इंटरलाकेनला ओस्ट आणि वेस्ट अशी दोन स्थानके आहेत. ग्रिंडेलवाल्ड, लाउटरब्रुनेन या डोंगराकडच्या गाड्या ओस्टहून सुटतात, म्हणून आम्ही त्याच बाजूला राहिलो. इंटरलाकेन ते फ्लोरेन्स हा सर्वांत लांबचा टप्पा होता. श्पीत्सला गाडी बदलायची, २००७ साली खुल्या झालेल्या लोत्शबर्गच्या पायथ्याच्या बोगद्यातून आणि १९०६ सालच्या सिम्प्लॉन बोगद्यातून आल्प्स ओलांडायचा, आणि मिलानो चेंत्राले या मिलानच्या मुख्य स्थानकावर इटलीची वेगवान गाडी पकडायची. मिलानला मुद्दाम मोठी फट ठेवली आणि त्या दिवशी संध्याकाळी फ्लोरेन्समध्ये काहीही ठरवले नाही.

स्विस ट्रॅव्हल पास घ्यावा की नाही, यावर सर्वांत जास्त वेळ गेला. गाड्या, बस, तळ्यांतल्या बोटी आणि रिगी पर्वत त्यात येतात. युंगफ्राउयोख या उंच डोंगरावरच्या स्थानकाला जाताना मात्र ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंतच पास चालतो आणि पुढच्या तिकिटावर सवलत मिळते. सहा ते पंधरा वर्षांच्या मुलाला पासधारक आई किंवा वडील सोबत असल्यास फॅमिली कार्डावर मोफत नेता येते. ही सोय पालकांसाठी आहे, त्यामुळे नातवंडांना घेऊन एकट्याने जाणाऱ्या आजी-आजोबांनी मुलांच्या तिकिटाचा वेगळा विचार करावा.

आपण आराखडा कसा केला आणि कशावर वेळ खर्च करणे सार्थकी लागले, ते सविस्तर लिहावे.

निवृत्त रेल्वेवाला

माझे आयुष्य वेळापत्रकांच्या सान्निध्यात गेले आहे, त्यामुळे या विषयावर लिहिल्यावाचून राहवत नाही. स्वित्झर्लंडच्या वेळापत्रकात गाडी बदलण्यासाठी सहा-सात मिनिटेच दिसतात आणि आपल्याकडची मंडळी घाबरून पुढची गाडी निवडतात. तसे करण्याचे कारण नाही. १९८२ पासून तिथे तासाच्या ठरलेल्या मिनिटाला गाडी, हे तत्त्व देशभर लागू आहे. मोठ्या जंक्शनांत चारी दिशांच्या गाड्या तास भरण्याच्या थोड्या आधी येतात आणि तास उलटल्यावर थोड्याच वेळात सुटतात. म्हणजे ती सहा मिनिटे गाड्यांची एकमेकींशी गाठ पडावी म्हणून मुद्दाम राखलेली असतात. ही गाठ नीट बसावी यासाठी त्यांनी रुळांचीही कामे केली. झुरिच ते बर्न हा प्रवास एका तासाच्या आत यावा म्हणून नवा मार्ग बांधला आणि २००४ साली वेळापत्रक त्यानुसार बदलले. गाडी किती वेगाने धावू शकते यापेक्षा ती किती वाजता पोहोचायला हवी याचा विचार आधी झाला, हे मला अतिशय आदरणीय वाटते.

हाच भरवसा सीमा ओलांडणाऱ्या गाडीवर मात्र ठेवू नये. दोन देशांच्या यंत्रणांतून आलेल्या गाडीचा उशीर कोणत्याच देशाच्या वेळापत्रकात सामावलेला नसतो. ताईंनी मिलानला ठेवलेली फट अगदी योग्य होती.

गोदाकाठ

मी एकटीने प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट केले. प्राग ते व्हिएन्ना सुमारे चार तास आणि व्हिएन्ना ते बुडापेस्ट तीन तासांहून थोडे कमी, दोन्ही थेट गाड्या. पहिल्यांदा जाणाऱ्या आणि एकटीने फिरणाऱ्या बाईसाठी याहून सोपा मार्ग मला माहीत नाही, कारण तिन्ही शहरे एकाच रेषेत येतात आणि कुठेही मागे फिरावे लागत नाही. तिन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात असले, तरी चलने तीन आहेत : कोरुना, युरो आणि फोरिंट.

व्हिसासाठी रात्री मोजाव्या लागतात, हे नव्याने आराखडा करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम असेल त्या देशाकडे अर्ज करायचा. मुक्काम समान असतील तर जिथे प्रथम प्रवेश करणार, त्या देशाकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो. प्रागमधली एक रात्र कमी करून बुडापेस्टला दिली की अर्जाचा देशच बदलू शकतो, म्हणून रात्रींचा हिशेब पक्का झाल्याशिवाय व्हिसाच्या भेटीची वेळ घेऊ नये.

दोन पिल्लांची आई

पोळ्या करता करता लिहीत आहे, त्यामुळे थोडक्यात विचारते. लहान मुलाची ढकलगाडी आणि दोन मोठ्या बॅगा घेऊन इटलीच्या गाड्यांत चढता येईल का? मदतीला घरातले ज्येष्ठ कोणी नसेल.

सांगलीची लेक

चढता येईल, परंतु डब्याला बहुधा पायऱ्या असतात आणि मोठ्या बॅगांची जागा डब्याच्या टोकाला असते. मोठी बॅग एकच ठेवा आणि ढकलगाडी घडी होणारी घ्या. वेगवान गाड्यांत आसन आरक्षित असते, त्यामुळे जागेसाठी धावपळ नसते. डबा क्रमांक पाहून फलाटावर आधीच योग्य ठिकाणी उभे राहावे.

पंचगंगेकाठचा

आई-वडिलांना घेऊन टोकियो, क्योतो आणि हिरोशिमाला गेलो होतो. दोघांचेही गुडघे दुखरे, त्यामुळे आराखडा करताना प्रश्न अंतराचा नव्हता, जिन्यांचा होता. शिंजुकूसारख्या स्थानकाला बाहेर पडण्याचे दोनशेहून अधिक मार्ग आहेत आणि उद्वाहन (लिफ्ट) त्यांतल्या मोजक्याच ठिकाणी असते. म्हणून प्रत्येक हॉटेलसाठी ‘उद्वाहन असलेला मार्ग कोणता’ हे आधी शोधून नकाशावर खूण करून ठेवले. दुसरी मोठी सोय म्हणजे हॉटेलच्या काउंटरवरून बॅगा थेट पुढच्या शहरातल्या हॉटेलवर पाठवता येतात. टोकियोहून पाठवलेल्या बॅगा क्योतोला दुसऱ्या दिवशी मिळतात, म्हणून एका रात्रीपुरते सामान पाठीवरच्या पिशवीत ठेवायचे. आई केवळ हातातली पर्स घेऊन शिन्कान्सेन या वेगवान गाडीत बसली. तिच्या चेहऱ्यावरचा निवांतपणा पाहून त्या सेवेचे पैसे सार्थकी लागले. ज्यांना बॅगा सोबतच न्यायच्या असतील त्यांनी लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज करावी. ती १६० सेंटिमीटरच्या वर गेली, तर त्या मार्गावर मोठ्या सामानाच्या जागेसह आसन राखून ठेवावे लागते.

जुने लेख वाचून जपान रेल पास, म्हणजे ठरावीक दिवस रेल्वेने फिरण्याचा पर्यटकांचा पास, डोळे मिटून घेऊ नये, हे कळकळीने सांगतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या साध्या पासची किंमत २९,६५० येनवरून ५०,००० येन झाली. टोकियो ते क्योतो आरक्षित आसनाचे एका बाजूचे भाडे साधारण १४,००० येन आहे, म्हणजे नुसत्या जाण्यायेण्याने पास वसूल होत नाही. आम्ही टोकियोला उतरून ओसाकाच्या कान्साई विमानतळाहून परतलो, त्यामुळे सुटी तिकिटेच स्वस्त पडली. शहरांतल्या गाड्यांसाठी सुइकासारखे कार्ड तिन्ही ठिकाणी चालते. एका प्रदेशात आत शिरून दुसऱ्या प्रदेशात बाहेर पडण्यासाठी मात्र ते चालत नाही. क्योतोच्या शहर बसमध्ये मागच्या दाराने चढून उतरताना पुढे पैसे द्यायचे असतात, हे आई-वडिलांना आधी सांगून ठेवल्याचा उपयोग झाला.

निवृत्त रेल्वेवाला

बॅगा पुढे पाठवण्याची सोय वाचून फार समाधान वाटले. आमच्या वयाच्या लोकांना गाडी बदलण्याची भीती नसते, सामान घेऊन जिने चढण्याची असते.

माइनकाठचा मराठी

अनेक वर्षे जर्मनीत राहत असल्यामुळे घरी येणाऱ्या नातेवाइकांचे आराखडे माझ्याकडेच येतात. सगळ्यांना एकच सांगतो : मध्ये गाडी बदलायची असेल तर दोन स्वस्त तिकिटे वेगवेगळी न काढता संपूर्ण प्रवासाचे एकच तिकीट काढावे. पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली, तर एकाच तिकिटावर पुढच्या गाडीने नेण्याची जबाबदारी रेल्वेची असते. तिकिटे स्वतंत्र असतील तर दुसरे बहुधा वाया जाते. जर्मनीत गाडीशी बांधलेल्या सवलतीच्या तिकिटावरही, मुक्कामी पोहोचायला वीस मिनिटे किंवा अधिक उशीर होणार असे दिसले, की दुसऱ्या गाडीने जाण्याची मुभा मिळते. युरोपीय संघाच्या नियमांनुसार एक तासाच्या उशिराला भाड्याच्या २५ टक्के आणि दोन तासांच्या उशिराला ५० टक्के भरपाई मागता येते, काही अपवादात्मक कारणे वगळता. आणि मायदेशी परतण्याच्या विमानाच्या आदली रात्र त्याच शहरात काढावी. यावर मी कोणाशीही तडजोड करत नाही.

ठाणेकर

इटलीबद्दल दोन गोष्टींची भर घालतो. तिथे रेल्वेचे संप आधी जाहीर होतात, त्यामुळे तारखा ठरल्यावर ‘शोपेरो’ हा संपासाठीचा इटालियन शब्द घालून शोध घ्यावा. कामाच्या दिवशी संप असला तरी प्रादेशिक गाड्या सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांत ठरावीक प्रमाणात चालवाव्याच लागतात. दुसरे म्हणजे स्थानकाचे पूर्ण नाव वाचावे. व्हेनिसचे मेस्त्रे स्थानक मुख्य भूमीवर आहे आणि सांता लुचिया बेटावर. रोमला तेर्मिनी आणि तिबुर्तिना ही दोन वेगळी स्थानके आहेत.

गोदाकाठ

व्हिसा हातात नसताना गाड्यांची तिकिटे काढावीत का, हा प्रश्न मला तेव्हा सतत पडत असे. सांगलीच्या ताईंनी काय केले?

सांगलीची लेक

आम्ही दोन देशांसाठी दोन वेगळे निर्णय घेतले. स्वित्झर्लंडमध्ये साध्या गाड्यांना आरक्षण लागत नाही आणि पास केव्हाही घेता येतो, म्हणून तिथले काहीच आधी काढले नाही. इटलीच्या वेगवान गाड्यांची स्वस्त तिकिटे लवकर संपतात, परंतु त्यांचे पैसे परत मिळत नाहीत. आम्ही थोडे महाग पण बदलता येणारे तिकीट फक्त मिलान ते फ्लोरेन्स या टप्प्यासाठी काढले आणि फ्लोरेन्स ते रोमचे तिकीट व्हिसा आल्यावर घेतले, कारण त्या मार्गावर दिवसभर गाड्या आहेत आणि प्रवास दीड तासाचाच आहे. हॉटेले मात्र सर्व रद्द करता येणारीच निवडली होती. भाचीलाही मी हेच सुचवले आहे. तिने आता दोन शहरे कमी केली आहेत आणि रिकाम्या रकान्यात गाड्यांच्या वेळा लिहायला घेतल्या आहेत.