ज्येष्ठ नागरिक संघाची वयोमर्यादा: म्हातारपण नेमके कधीपासून मोजावे?

उत्तररंग (प्रश्न)

आमच्या उपनगरातील ज्येष्ठ नागरिक संघाच्या घटनेत सदस्यत्वासाठी किमान वय ६५ ठेवलेले आहे. ते ६० करावे असा ठराव येत्या वार्षिक सभेपुढे येणार असून त्यावरून कार्यकारिणीत सरळ दोन तट पडले आहेत. एका बाजूचे म्हणणे असे की, सरकारच साठीला ज्येष्ठ मानते, तर आपण लोकांना पाच वर्षे दाराबाहेर का ठेवावे? दुसरी बाजू म्हणते की, आजचा साठीचा माणूस गृहकर्जाचे हप्ते फेडत असतो, मुलांची लग्ने व्हायची असतात. त्याला म्हातारा ठरवण्याची घाई कशाला? दोन्हीकडून तावातावाने बोलले जाते, परंतु म्हातारपण कशावरून ठरवायचे, हे कोणीच सांगत नाही. जाणकारांनी मत द्यावे. ‘मन तरुण असले की झाले’ हे उत्तर मात्र कृपया नको. ते आम्ही प्रत्येक सदस्याच्या वाढदिवसाला ऐकतो.

खातेवही

सरकार साठीला ज्येष्ठ मानते, हे अर्धेच खरे आहे. पालक व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासंबंधीच्या २००७ च्या कायद्यात ६० वर्षे ही मर्यादा आहे. प्राप्तिकरात ती पूर्वी ६५ होती, २०११ च्या अर्थसंकल्पाने ६० केली आणि त्याच वेळी ८० वर्षांवरील लोकांचा वेगळा वर्ग काढला. राज्याच्या ज्येष्ठ नागरिक धोरणातील मर्यादा २०१८ साली ६५ वरून ६० वर आली, तरी एस.टी.चे अर्धे तिकीट ६५ व्या वर्षापासूनच मिळते आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना प्रवास मोफत झाला. आयुष्मान भारतचे उत्पन्नाची अट नसलेले कार्ड सत्तरीपासून. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश ६२ व्या वर्षी निवृत्त होतात, सर्वोच्च न्यायालयाचे ६५ व्या. म्हणजे मुंबईत जो थकला असे मानले जाते, तो दिल्लीत आणखी तीन वर्षे ताजातवाना असतो.

या सगळ्या मर्यादांमागे शरीराचा विचार थोडा आणि तिजोरीचा अधिक आहे. जर्मनीने १८८९ मध्ये वृद्धांसाठी निवृत्तिवेतनाचा कायदा केला तेव्हा पात्रतेचे वय ७० होते. ते ६५ वर यायला १९१६ साल उजाडले. त्या पाच वर्षांच्या फरकात जर्मन माणूस लवकर म्हातारा होऊ लागला होता, असे कोणी म्हणणार नाही. म्हणून सरकारी आकड्याचा आधार घेण्यापूर्वी आपला संघ सदस्यांना नेमके काय देतो, ते पाहावे.

जुनी_पोथी

आकड्यांचा हा घोळ आजचा नाही. चरकसंहितेत मध्यम वय साठीपर्यंत आणि पुढे जीर्णावस्था मानली आहे, तर सुश्रुताने सत्तरीनंतर वृद्धत्व धरले आहे. मनुस्मृतीने वानप्रस्थासाठी अंगावरच्या सुरकुत्या, पिकलेले केस आणि नातवाचे तोंड या खुणा सांगितल्या आहेत; त्या श्लोकात वर्षांची संख्या नाही.

चालता_बोलता

मी भौतिकोपचार करतो, त्यामुळे माझ्यापुढे वय येते ते चालीच्या रूपात. आमच्याकडे एक साधी चाचणी करतात: खुर्चीतून उठायचे, नेहमीच्या वेगाने तीन मीटर चालायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. याला १२ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागला, तर पडण्याचा धोका आहे असे समजून पुढची तपासणी करतात. अठ्ठावन्नाव्या वर्षी या चाचणीत अडखळणारे मधुमेही मी पाहतो आणि ऐंशीच्या घरातले, रोज टेकडी चढणारे लोकही पाहतो. स्नायूंची शक्ती मध्यम वयापासूनच हळूहळू घटत असते, साठीनंतर तो वेग वाढतो. पण व्यायामाने ती बऱ्याच प्रमाणात परत मिळवता येते. जी अवस्था काही अंशी मागे फिरवता येते, तिला एका तारखेत कसे बसवायचे?

बालाघाट

वरची सगळी उत्तरे पगारी माणसांची आहेत, हे नम्रपणे नोंदवतो. मी बीड जिल्ह्यातला. आमच्याकडे ऊसतोडीचा हिशोब कोयत्यावर होतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाआधी मुकादम जोडीला उचल देतो आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास लोक कारखान्यांच्या भागाकडे निघतात. पुरुष-बायका दोघेही ऊस तोडतात, मोळ्या बांधतात आणि डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवतात. ज्या वर्षी मुकादम उचल द्यायला टाळाटाळ करतो, त्या वर्षी आमचा माणूस म्हातारा होतो. कधी पन्नाशीत होतो, कधी त्याच्याही आधी, कारण जोडीतल्या एकाची कंबर गेली की दुसऱ्याचे काम आपोआप सुटते. मग तो गावात राहतो, नातवंडांना शाळेत पाठवतो, शेरडे सांभाळतो, कुलूप लावलेल्या घरांवर नजर ठेवतो. हंगामात अर्धे गाव अशा आजी-आजोबांच्याच भरवशावर असते. त्यांना विश्रांती मिळते, असे कोणी समजू नये.

बायकांचे याहून कठीण. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, शासनाने समितीही नेमली. अशा शस्त्रक्रियेत बीजाशयेही काढली गेली, तर ऐन तिशी-चाळिशीत रजोनिवृत्ती येते आणि हाडे अकाली ठिसूळ होऊ लागतात. ही बाई कोणत्या रकान्यात बसवायची?

कागदाप्रमाणे मात्र तिला श्रावणबाळ योजनेसाठी ६५ वर्षे पूर्ण करावी लागतात. त्यातही वय सिद्ध कशाने करायचे, हा पेच असतो. गुरुजींनी शाळेत नाव घालताना सरसकट १ जून ही जन्मतारीख लिहिलेली माणसे महाराष्ट्रात किती आहेत, हे या मंचावरच विचारून पाहा. जी बाई शाळेतच गेली नाही, तिच्या आधार कार्डावर १ जानेवारी आणि अंदाजाने टाकलेले वर्ष असते. तो अंदाज चार वर्षांनी चुकला, तर चार वर्षांचे निवृत्तिवेतन गेले.

म्हणून माझे मत असे की, कष्टाच्या कामाला बाजारात गिऱ्हाईक उरत नाही आणि घरातल्या कामातून सुटका होत नाही, तिथून म्हातारपण सुरू होते. शहरात ते निवृत्तीच्या निरोपसमारंभाने येते, निदान शाल-श्रीफळ तरी मिळते.

खातेवही

बालाघाट, आपला मुद्दा मान्य. फक्त एक जोडतो. कष्टकऱ्यांसाठी वय खाली आणावे म्हटले की खर्चाचा आकडा पुढे केला जातो, आणि निवृत्तिवेतनधारकांना ऐंशीनंतर २० टक्के वाढ मिळते तेव्हा कोणी तो काढत नाही. मी स्वतः निवृत्तिवेतन घेतो, तरी ही विसंगती मला बोचते.

उत्तररंग

सर्वांचे आभार. आमचा संघ आठवड्याला आरोग्य तपासणी ठेवतो, वर्षातून दोन सहली काढतो आणि बँकेची, पोस्टाची कामे करायला सोबत देतो. यातली सहल सोडली, तर बाकीच्या गोष्टींची गरज लागण्याचा वयाच्या आकड्याशी फारसा संबंध दिसत नाही. त्यामुळे ‘६० वर्षे पूर्ण, अथवा ५० वर्षांवरील व्यक्तीस आजारपणामुळे वा कष्टाच्या कामामुळे सोबतीची गरज असल्यास कार्यकारिणीच्या संमतीने’ असा मसुदा मी मांडणार आहे. आमच्या इमारतींत धुणीभांडी करणाऱ्या बायकांना आजवर कोणी सदस्यत्वाचा अर्जही दिला नव्हता, हे बालाघाट यांचे उत्तर वाचताना लक्षात आले. अर्जातली शाळा सोडल्याच्या दाखल्याची अट तर काढूनच टाकतो.

चालता_बोलता

मसुदा चांगला आहे, पण ‘कार्यकारिणीच्या संमतीने’ हे शब्द खटकतात. गरज आहे की नाही, हे मतदानाने ठरू लागले, तर जी माणसे मागायला संकोचतात ती अर्ज करणारच नाहीत. डॉक्टरची चिठ्ठी किंवा दोन सदस्यांची शिफारस एवढेच पुरेसे ठेवावे.