मदत हवी आहे: जुना डेस्कटॉप तापून बंद पडतो, हार्डडिस्कही धोक्यात

नमस्कार मंडळी,

मी ग्वाल्हेरला, लष्कर भागात राहते. घरी २०१२ सालचा असेंबल्ड डेस्कटॉप आहे. कोअर आय-५ ३४७०, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क, विंडोज १०. पंधरा-वीस मिनिटं ठीक चालतो, मग पंखा घोंघावायला लागतो आणि मशीन धाडकन बंद.

नवीन घ्या, असं सगळेच सांगतात. पण बाबांचा जुना स्कॅनर फक्त याच मशीनवर चालतो, नव्या लॅपटॉपवर त्याचा ड्रायव्हर चढतच नाही. घरातले मोडी कागद, पणजोबांच्या वेळची पत्रं, बाबा सहा वर्षांपासून एकेक करून स्कॅन करतायत. ४१ जीबी झालंय. बाबा ७८ वर्षांचे आहेत. परवा अर्ध्या पानावर मशीन बंद पडलं, तेव्हा काही न बोलता कागद काचेवर तसाच ठेवून उठून गेले. तेव्हापासून मला चैन नाही.

रविवारी बाजूचं झाकण उघडलं. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा असा थर, की ब्रशने निघेना, नखाने सोलून काढावा लागला, अगदी नमद्यासारखा. त्या खोलीत उन्हाळाभर खसचा, म्हणजे वाळ्याचा, कूलर चालतो. आंधीची धूळ आणि ती ओलसर हवा, दोन्ही मिळून जमलं असणार. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली, उष्णता पुढे नेणारी जुनी पेस्ट वाळून खडू झाली होती. ती पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली. तरीही काही न करता ६४ अंश, स्कॅनिंग सुरू केलं की ९६!

शिवाय डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये हार्डडिस्क पिवळी (म्हणजे धोक्याची सूचना) दिसतेय, पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे भाग, २४. इथल्या बाडा चौकाजवळच्या एका दुकानदाराने एनव्हीएमई (मदरबोर्डाच्या स्लॉटमध्ये बसणारी वेगवान एसएसडी) टाका म्हणून सांगितलं, पण माझ्या बोर्डावर तसा स्लॉटच दिसत नाही. आधी काय करू? थंड करण्याचं बघू की डिस्कचं?

प्रतिसाद १

ताई, आधी बाबांचे कागद. डिस्क पिवळी झाली की चेकडिस्क (डिस्क तपासणं), डीफ्रॅग (फाइलींचे तुकडे जुळवणं) काहीही चालवायचं नाही, त्याने तिच्यावर आणखी ताण येतो. दुसऱ्या ड्राइव्हवर फक्त ते ४१ जीबी उतरवून घ्या. मशीन मध्येच बंद पडत असेल तर डिस्क काढून यूएसबी केसमध्ये घाला आणि लॅपटॉपला जोडा. फाइली अडकल्या तर लिनक्सवरून डीडीरेस्क्यू, हा खराब डिस्कमधला डेटा काढणारा प्रोग्रॅम, चालवा.

एनव्हीएमई विसरा. अडीच इंची साटा एसएसडी घ्या, म्हणजे हार्डडिस्कच्याच केबलला जोडली जाणारी, फिरते भाग नसलेली डिस्क. एच६१ वर साटा जोडणीचा वेग ३ गिगाबिटचाच असतो, म्हणजे सेकंदाला २७०-२८० एमबीच्या आसपास. जुन्या डिस्कपुढे तेही खूप आहे. विंडोज चढवण्याआधी बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) साटा डिस्कसाठी एएचसीआय मोड आहे ना, ते बघा.

पेस्ट बदलूनही ९६ म्हणजे प्रोसेसरवरचा कूलर (हीटसिंक आणि पंखा) नीट टेकलेला नाही. कंपनीच्या कूलरला चार प्लास्टिक पिना असतात. बोर्ड बाहेर काढून मागून बघा, चारही टोकं आरपार आली पाहिजेत. तिरक्या समोरासमोरच्या दोन-दोन दाबा, कट् आवाज यायला हवा. कूलर उचलला की पेस्ट पुन्हा लावायची.

मूळ धागाकर्ती

खूप खूप आभार! फाइली लॅपटॉपवर उतरल्या. तीन पानं अडकली होती, ती बाबा पुन्हा स्कॅन करतील, मूळ कागद आहेतच. मागची एक पिन खरंच अर्धवट बसली होती. ती बसवून एकदा स्कॅन करून पाहिलं, तर ७१ अंश. एसएसडी उद्या आणते, तोवर ती डिस्क काढूनच ठेवलीये.