चौकोन डुगडुगतो, त्रिकोण नाही

शाळेत प्रयोगशाळाच नाही तर विज्ञानाचे प्रयोग कसले, असं काही जण म्हणतात. मला नाही पटलं. टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या शालेय विज्ञान कार्यक्रमात काड्यापेटीच्या काड्या आणि त्या जोडायला सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब (बारीक रबरी नळी) एवढ्यावर भूमिती उभी केली. मी पाचवीच्या वर्गात पोरांकडून करून घेतलंय. काड्यांचा चौकोन बोटाने ढकलला की तिरका होतो, त्रिकोण ढिम्म हलत नाही. चौकोनात कर्ण घातला की तोही ताठ! मग पोरंच खिडकीतून विजेच्या टॉवरमधल्या त्रिकोणांकडे बोट दाखवतात. कर्णाला काडी आखूड पडते. खराट्याचा हीर मोडून घ्या, ट्यूबला बाभळीच्या काट्याने भोक पाडा. आणि हो, काड्यांचा गूल आधी खरवडून टाका, नाहीतर मधल्या सुट्टीत भलताच प्रयोग होईल.