आधी बांधाचं भांडण, मग इंग्रजी

"विनोद समजावून सांगितला की मरतो, म्हणून इंग्रजीच्या तासाला विनोदी पाठ नकोतच" हे काही जणांचं मत मला, इंग्रजीच्या शिक्षकाला, अर्धंच पटतं. समजावला की मरतो, हे खरं. पण समजवायचा कशाला? सीबीएसईच्या दहावीला रशियन लेखक चेखवची 'द प्रपोजल' ही १८८८-८९ सालची एकांकिका आहे. लोमोव्ह मागणी घालायला येतो आणि ऑक्सन मेडोज नावाच्या जमिनीच्या तुकड्यावरून मुलीशीच भांडत बसतो. आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याकडच्या मुलांना बांधावरून होणारी भांडणं काय नवीन आहेत! पहिल्या वर्षी मी ओळ वाच, अर्थ सांग, असं करत गेलो, वर्ग ढिम्म. पुढच्या वर्षी पुस्तक मिटवून दोघांना उभं केलं आणि आधी अहिराणीत, म्हणजे इकडच्या खानदेशी बोलीत, भांडायला लावलं. "हाई वावर आमनं शे!" (हे शेत आमचं आहे!) म्हणत मुलीने बाकावर अशी थाप मारली की कंपासपेटी खाली पडली.

मग तेच भांडण पुस्तकातल्या इंग्रजीत. 'मेडोज आमचंच' हे वाक्य त्यात पुन्हापुन्हा येतं, त्यामुळे एरवी तोंड न उघडणारी मुलंही ते बिनधास्त म्हणतात, दर वेळी आवाज चढवून. शब्दार्थ मी त्यानंतर देतो. नाटुकली काढू नका हो, तास वाढवून मागा.