मदत हवी आहे : शेजाऱ्याने सांभाळायला दिलेलं हे कसलं माकड?

सिंहगड रोडवरून विचारतेय. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारा कॉलेजचा मुलगा गावी जाताना पिंजरा माझ्याकडे ठेवून गेला. "काकू, फक्त केळं देत जा." मला वाटलं, ससा-बिसा असेल. चादर काढली तर मांजरीच्या मोठ्या पिल्लाएवढं गुबगुबीत, करडं-तपकिरी काहीतरी! डोळे टपोरे, पाठीवर गडद पट्टा, शेपूट असून नसल्यासारखं. दिवसभर मुटकुळं करून झोपतं. रात्री गज धरून हळूहळू सरकतं, उडी अजिबात नाही. खाजवलं की दोन्ही हात डोक्यावर नेतं. मुलगा म्हणतो, गुदगुल्या आवडतात त्याला. नात हात लावायला टपलीये. केळं पुरतं का? रात्री ट्यूब चालू ठेवू?

रानवाट : काकू, नातीला आधी लांब ठेवा. हा स्लो लोरिस दिसतोय. हात वर नेतो तो लाडाने नाही, घाबरून. दंडाच्या आतल्या बाजूला, कोपराजवळ त्याची ग्रंथी असते. तिचा स्राव चाटून लाळेत मिसळला की चावा विषारी होतो. माणसाला तीव्र ॲलर्जी येऊन जिवावर बेतू शकतं. म्हणूनच विकणारे त्याचे दात कापतात, तेही भूल न देता. तोंड सुजलंय का, ते लांबूनच बघा.

केळं नको. रानात तो झाडाचा डिंक, मकरंद, किडे खातो. गोड फळांनी दात किडतात, वजन वाढतं. ट्यूब तर बंदच करा. त्याच्या डोळ्यात पडद्यामागे उजेड परतवणारा थर असतो, अंधुक प्रकाशातही दिसावं म्हणून. पिंजरा झाकून शांत खोलीत ठेवा, उथळ वाटीत पाणी द्या आणि वन विभागाच्या १९२६ वर फोन करा. वन्यजीव कायदा, १९७२ प्रमाणे लोरिस पाळता येत नाही.

डोंगरवेडा : हातपाय काडीसारखे असतील तर तो दक्षिणेतला सडपातळ लोरिस. गुबगुबीत म्हणताय, म्हणजे बहुतेक आसाम-मेघालयाकडचा. कायदा दोघांनाही तोच.

मूळ प्रश्नकर्ती : गुबगुबीतच आहे. पण पोरगं अडकेल हो, परीक्षा तोंडावर आहेत. गुपचूप सिंहगडाच्या झाडीत सोडला तर?

रानवाट : मुळीच नको! तिथे तो जगणार नाही. हे त्याचं रानच नव्हे, त्यात दात कापलेले असले तर खाणार काय? पोराला आत्ताच फोन लावून सांगा, काकू. त्याने स्वतः १९२६ ला कळवलं तर उत्तम. नाही म्हणाला तर तुम्ही कळवा, पिंजरा तुमच्या घरात आहे.