एमएस्सी फिजिक्सनंतर किरणोपचारात संशोधन: वाव आहे का?

सुमेध_फिजिक्स:
एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आत्याला लाईट (किरणोपचार) द्यायचे होते तेव्हा तिच्यासोबत जात होतो. तिथे कळलं की डोसचं प्लॅनिंग फिजिसिस्ट करतात. तेव्हापासून प्रोटॉन, कार्बन थेरपीबद्दल, म्हणजे या कणांचा झोत (बीम) गाठीवर सोडण्याबद्दल, वाचतोय. घरचे म्हणतात, "हॉस्पिटलात मशीन चालवायला एमएस्सी कशाला?" यात संशोधन म्हणून आयुष्य घालवण्यासारखं काही आहे का, की सगळं कंपन्यांच्या हातात?

बीमवाली:
मशीन तंत्रज्ञ चालवतात, घरच्यांना आधी एवढं सांग. (अरे-तुरे करतेय, राग नसावा. मी मेडिकल फिजिसिस्ट आहे.)

गेरहार्ड क्राफ्ट हे नाव शोध. जर्मनीत डार्मस्टाटला जीएसआय ही जड आयनांची प्रयोगशाळा आहे. तिथे त्यांनी 1981 मध्ये बायोफिजिक्स विभाग उभा केला. पहिल्या रुग्णाला कार्बनचा बीम मिळाला 1997 मध्ये. मधली सोळा वर्षं काय केलं? तेच तर संशोधन!

कार्बनचा आयन शरीरात शिरताना कमी ऊर्जा सोडतो आणि थांबायच्या जरा आधी भरमसाट. त्या शेवटच्या टप्प्यात डीएनएचे दोन्ही धागे एकमेकांच्या जवळच तुटतात, पेशीला दुरुस्ती जमत नाही. पण म्हणजे तेवढाच डोस खोलीप्रमाणे आणि ऊतीप्रमाणे वेगवेगळा परिणाम करणार. मग डॉक्टरांनी डोसचा आकडा लिहायचा कुठला? त्यासाठी पेशींवर वर्षानुवर्षं प्रयोग झाले, त्यातून मायकेल शोल्झ यांच्यासोबत हा परिणाम आधीच मोजून देणारं 'लोकल इफेक्ट मॉडेल' आलं. शिवाय चुंबकांनी बारीक बीम वळवत गाठ थराथराने भरायची पद्धत बसवली. आणि मला सगळ्यात आवडतं ते हे: बीमच्या धडकांतून किरणोत्सारी कार्बन-11 तयार होतो, तो पॉझिट्रॉन सोडतो, म्हणून बीम कुठे पडला ते पेट स्कॅनसारख्या (पीईटी) डिटेक्टरने उपचार चालू असतानाच तपासता येतं.

आणि ॲक्सिलरेटर (आयनांना वेग देणारं यंत्र) मुळात न्यूक्लिअर फिजिक्सवाल्यांचा, बीमचा वेळ वाटून घ्यायचा. तरी 2008 पर्यंत 440 रुग्ण झाले, बरेचसे कवटीच्या तळाच्या गाठींचे. 2009 मध्ये हायडेलबर्गला हॉस्पिटलातलंच केंद्र सुरू झालं, तिथली फिरती गँट्री (रुग्णाभोवती बीम फिरवणारा सांगाडा) 670 टनांची आहे. क्राफ्ट 2023 मध्ये गेले.

जुना_कोबाल्ट:
ताई, जर्मनीचं ठीक आहे. मुलाला इथलं सांगा. आपल्याकडे रुग्णांची रांग संपल्यावर, संध्याकाळी मशीन मोकळं झालं की फँटम (डोस मोजायला शरीराऐवजी ठेवायचा नमुना) मांडायचा. कित्येक ठिकाणी संशोधन म्हणजे एवढंच. सुमेध, आधी बीएआरसीचा (भाभा अणुसंशोधन केंद्र) रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा कर, मग हॉस्पिटलात इंटर्नशिप. कागद हातात नसेल तर कोणी बीमजवळ उभं करणार नाही.

बीमवाली:
काका, डिप्लोम्याचं शंभर टक्के मान्य. पण इथेही अगदीच वाळवंट नाही. भाभाट्रॉन हे किरणोपचाराचं कोबाल्ट मशीन बीएआरसीने बनवलं, आणि खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर केंद्रात प्रोटॉन थेरपी सुरू झालीय.

सुमेध_फिजिक्स:
धन्यवाद दोघांना. डिप्लोमाची माहिती काढतो. पण एवढं मोठं मशीन नसताना मी आत्ता घरी बसून काही करू शकतो का? पायथन आणि थोडं सी++ येतं.

बीमवाली:
येतं ना, मग प्रश्नही तयार आहे. सीटी स्कॅनच्या आकड्यांवरून प्रोटॉन किती खोल जाईल हे काढताना साधारण साडेतीन टक्के चूक धरावी लागते. दहा सेंटिमीटरला साडेतीन मिलिमीटर! पलीकडे मज्जारज्जू असला तर तेवढं खूप होतं, आणि हे अजून पुरतं सुटलेलं नाही. जिआंट4 हे कणांचा प्रवास संगणकावर चालवून बघायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात पाण्याच्या ठोकळ्यात 150 एमईव्ही ऊर्जेचे प्रोटॉन सोड, साधारण पावणेसोळा सेंटिमीटरवर थांबायला हवेत. आले की मध्ये दोन सेंटिमीटर हाड घाल, टोक किती मागे सरकतं ते आधी हाताने काढ, मग चालव. आलेख इथे टाक, बघते.