बी-४०२ चं नेट: प्लॅन ५०० चा, येतात ९४

बी-४०२: मंडळी, रास्पबेरी पाय ४ (छोटा एका बोर्डावरचा कॉम्प्युटर) वर ओपनडब्ल्यूआरटी (राऊटरचं सॉफ्टवेअर) टाकून घरीच राऊटर केलाय. प्लॅन ५०० एमबीपीएसचा, पण स्पीडटेस्ट ९४ च्या वर जायला तयार नाही. अजून कुणाचं नेट स्लो आहे का?

ए-१०१: आमचं काल रात्रीपासून बंदच आहे. मोबाईल डेटावर चाललंय.

बी-३०४: बाजारात ढीगभर राऊटर मिळतात, घरी कशाला हा उपद्व्याप 😄 कंपनीला फोन लाव.

बी-४०२: जाहिराती अडवायच्यात, पोरांच्या टॅबचं नेट रात्री ९ ला बंद करायचंय. कंपनीच्या डबड्यात धड जमत नाही.

सी-२०१: आकडा वरखाली होतो, की ९४ वरच ठाम?

बी-४०२: ठाम, काका. सकाळ-संध्याकाळ तेच.

सी-२०१: मग कंपनीला शिव्या घालू नकोस. लाईनवर गर्दी असती तर आकडा नाचला असता. १०० ची लिंक (वायरची जोडणी) असली की हेडर, म्हणजे डेटाच्या प्रत्येक पाकिटावरचा पत्ता, वगैरे वजा जाऊन ९४ च हाती लागतात. कुठली तरी वायर १०० वर अडकलीये.

डी-३०२: टेस्ट वायफायवर केलीस का रे?

बी-४०२: नाही ताई, वायर लावून. लॅपटॉप ते पाय आयपर्फ३ ने (दोन मशीनमधला स्पीड मोजायचं टूल) मोजलं तर ९४० येतात.

डी-३०२: म्हणजे घरातली बाजू शाबूत. घोळ पाय आणि फायबरच्या डबीच्या मध्ये. बाहेरच्या बाजूला नेटची वायर लावायला यूएसबी डोंगल आहे ना? त्याच्यावर एथटूल चालव, लिंक कितीची आहे ते दाखवतं.

बी-४०२: स्पीड १०० दाखवतंय 🤦

सी-२०१: ती वायर कोणी केली?

बी-४०२: फायबर जोडायला आलेल्या मुलाने. जागेवरच कनेक्टर ठोकून दिला.

सी-२०१: जवळून फोटो टाक.

बी-४०२: (फोटो)

सी-२०१: तपकिरी वायर बघ, टोकापर्यंत पोचलेलीच नाही. १०० ला नारिंगी आणि हिरवी अशा दोनच जोड्या पुरतात, म्हणून नेट चालू राहतं आणि कुणाला संशय येत नाही. गिगाबिटला आठही वायर लागतात. आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असला कनेक्टर कुणी केला असता तर... जाऊ दे. पक्कड घेऊन येतो वर.

सेक्रेटरी: उद्या ११ ते २ टाकी धुणार आहेत, पाणी भरून ठेवा 🙏 आणि नेटची चर्चा दुसरीकडे करता येईल का?

बी-३०४: राहू द्या हो, पार्किंगपेक्षा बरी चर्चा आहे.

बी-४०२: काकांनी नवा कनेक्टर लावला. लिंक १००० दाखवतेय, पण स्पीडटेस्ट ३१०!

डी-३०२: डोंगल निळ्या पोर्टात की काळ्या?

बी-४०२: काळ्या. निळ्या दोन्हींत हार्डडिस्क आणि पेनड्राइव्ह आहेत.

डी-३०२: काळे म्हणजे यूएसबी २. कागदावर ४८०, हातात ३०० च्या आसपास. पेनड्राइव्ह काढ, डोंगल निळ्यात टाक. मग 'एलएसयूएसबी -टी' (यूएसबीला काय किती स्पीडने जोडलंय ते दाखवणारी कमांड) मारून बघ, डोंगलपुढे ४८०एम च्या जागी ५०००एम आलं पाहिजे.

बी-४०२: आलं! स्पीडटेस्ट ४८५ 🎉

ए-१०१: काका, आमच्याकडेही त्याच मुलाने कनेक्टर ठोकलाय. उद्या येता का?

सी-२०१: तुमचं बंदच आहे ना? डबीवर एलओएसचा दिवा लाल आहे का बघा.

ए-१०१: हो, लाल.

सी-२०१: मग डबीपर्यंत फायबरचा सिग्नलच येत नाहीये. ते माझ्या पकडीचं काम नाही. तुम्ही मात्र कंपनीला फोन लावा.